मंगळवारचा निरोप

दोह्याच्या ऑफिसात मी सात वर्षं क्लार्क होतो. त्यातल्या एका बुधवारी दुपारी माझ्या हातून एक चूक झाली आणि गुरुवारी सकाळी मी ती झाकली. चूक कुणाच्याही हातून झाली असती. झाकली ती मी. इतकी वर्षं ह्या दोन गोष्टी मी मनात एकत्र बांधून ठेवल्या, म्हणजे दोन्हींना मिळून ‘चूक’ म्हणता यायचं. आता पन्नाशी उलटली, मुलगी सासरी गेली. गाठोडं सोडायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. आमची कंपनी मासेमारीच्या बोटींची डिझेल इंजिनं आणून विकायची आणि दुरुस्त करून द्यायची. ऑफिस दोह्यात, वर्कशॉप उत्तरेला अल रुवैसच्या बंदरात. वर्कशॉपचा फोरमन तैवानचा. आम्ही सगळे त्याला चिनी मिस्त्री म्हणायचो आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. चाळिशीचा, बुटका, मानेवर कायम एक ओला पंचा. इंजिन नुसतं ऐकून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगायचा.

वर्कशॉपला फोन नव्हता. म्हणून तो दर गुरुवारी सकाळी पिकअपमधून दोह्याला यायचा, लागणाऱ्या पार्टची यादी माझ्यापुढे टाकायचा आणि खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसायचा. त्याच्या बायकोचा आवाज माझ्या खणात असायचा.

हे जरा नीट सांगतो. आमच्या मुदीरने, म्हणजे कतारी मॅनेजरने, दुबईहून एक आन्सरिंग मशिन आणलं होतं. ऑफिस सकाळी सात ते बारा आणि दुपारी चार ते सात. मधले चार तास अख्खं दोहा शटर ओढून झोपायचं. त्या वेळात फोन आला की चार रिंगनंतर मशिन आपणहून घ्यायचं, आधी भरलेली सूचना ऐकवायचं, बीप द्यायचं आणि समोरचा जे बोलेल ते साध्या कॅसेटवर उतरवून ठेवायचं. चार मिनिटं झाली की तोडायचं.

सूचना तीन भाषांत होती. आधी मुदीरचं अरबी, मग माझं इंग्रजी, शेवटी मिस्त्रीचं चिनी. चिनी अशासाठी की आम्हाला पार्ट पाठवणारे तैवानचे बाप-लेक इंग्रजी ऐकलं की घाबरून फोन ठेवायचे. मिस्त्री एकदा खाकरला आणि मशिनमध्ये बोलला, “वो श्येन-त्साय पू त्साय, छिंग ल्यौ-यान.” मी आत्ता इथे नाही, निरोप ठेवा. मला ते इतक्या वेळा ऐकून पाठ झालं होतं की शेव्हिंग करताना तोंडात यायचं.

उलट बाजूचं कामही माझ्याकडेच. आमचं ऑफिस संध्याकाळी उघडायचं तेव्हा तिकडे रात्र झालेली असायची, त्यामुळे बाप-लेकांच्या मशिनवर ऑर्डरचा निरोप मी ठेवायचो, चिनीत. मिस्त्री वाक्य सांगायचा, मी देवनागरीत लिहून घ्यायचो आणि वाचायचो. ई, अर, सान, स, वू. एक ते पाच. एकदाही सहा पंपांच्या जागी साठ पंप आले नाहीत, एवढंच माझ्या चिनीचं यश.

पिकअपचा ड्रायव्हर माझा रूममेट होता, साताऱ्याकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. तो दारात उभा राहून ऐकायचा आणि म्हणायचा, “काय सायेब, आजून मराठी धड येत न्हाई, आन चिनी हाणताय!”

तर मिस्त्रीची बायको. तिच्या घरी फोन नव्हता. खालच्या औषधांच्या दुकानातून ती दर मंगळवारी फोन करायची. तिकडे संध्याकाळचे सहा, इकडे दुपारचा एक. मुद्दाम ऑफिस बंद असताना. माणसाने फोन घेतला तर कोण, कुठून, थांबा ह्यातच तिची मिनिटं जायची, आणि नवरा तर तिथे नसायचाच. मशिन मात्र लगेच ऐकून घ्यायचं. मुदीरला हे ठाऊक होतं. “मिस्कीन,” एवढंच तो म्हणाला होता. गरीब बिचारी.

दुपारी मी खोलीवर जायचो नाही. ऑफिसात एसी होता. त्यामुळे मंगळवारी तिचा फोन आला की मशिनच्या लहानशा स्पीकरमधून तिचा आवाज मला जागेवर ऐकू यायचा. कधी कधी ती बोलायचीच नाही. नवऱ्याची सूचना संपेपर्यंत ऐकायची आणि बीपनंतर हळूच ठेवून द्यायची. लागोपाठ दोनदा असं झालं तेव्हा मला कळलं, ही आवाज ऐकायला फोन करते. मी मिस्त्रीला ते सांगितलं. तो लाजला. त्या लाजण्याचं पुढे काय होणार होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिच्यासाठी दोन कॅसेटी होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. ह्या आठवड्याची आणि गेल्या आठवड्याची. मंगळवारचा निरोप आला की मी कॅसेट काढून खणात ठेवायची, मशिनमध्ये ऑफिसची घालायची. गुरुवारी मिस्त्री टेबलावरच्या टू-इन-वनवर निरोप ऐकायचा. ऐकून झालेली कॅसेट पुढच्या वेळी पुसून वापरायची. प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख घालायची असं ठरलं होतं. पहिले तीन महिने मी घातली.

त्या वर्षी मिस्त्रीचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. माझंही. मुदीरने सांगितलं, गुरुवारी दोघांनी सह्या करा. त्याच्या आदल्या गुरुवारी मिस्त्री खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “सदीक, मी बायकोला लिहिलंय. मी येऊ का अजून दोन वर्षं थांबू, तू सांग. मंगळवारी सांग. काही नाही बोललीस तर समजेन, थांब म्हणतेस. साइन करेन.” हे त्याच्या हिंदी-इंग्रजीत; ‘सदीक’ म्हणजे अरबीत दोस्त. मी इथे सरळ करून लिहितोय. मुलगा त्याचा पाच वर्षांचा, आणि त्यातली चार वर्षं बाप कतारला.

मंगळवारी एक वाजता फोन आला. ती बोलली. बराच वेळ बोलली, मशिनने तोडेपर्यंत. मी कॅसेट काढली, खणात टाकली.

बुधवारी दुपारी साडेबाराला ड्रायव्हर जिना चढून धापा टाकत आला. त्याची सुट्टी आठवड्याने अलीकडे आली होती, त्याच दिवशीच्या विमानात जागा मिळाली होती.

“आरं, कॅसेट कुठाय? खाली टॅक्सी हुबी हाय. मोकळ्या हातानं गेलो तर वैनी मला च्या तरी पाजल का?”

तेव्हा आम्ही पत्रांपेक्षा कॅसेटी पाठवायचो. आपला आवाज भरायचा, सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. गावात सगळी आळी जमून ऐकायची. मी पाच महिने काही पाठवलं नव्हतं. ‘पोरगी तुमचा आवाज इसरली’ असं बायकोने शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलं होतं. विकत आणलेल्या कोऱ्या कॅसेटीवर ह्याच ड्रायव्हरने गाणी भरून ठेवली होती. दुकानं चारपर्यंत बंद.

मी खण उघडला. गेल्या आठवड्याची कॅसेट तशीही पुसायचीच होती. ती देऊ, संध्याकाळी बाजारातून नवी आणून ठेवू. दोन्ही कॅसेटी एकसारख्या. एक उचलली, टू-इन-वनमध्ये घातली, सुरुवातीचं जरा ऐकलं. बाई चिनीत बोलत होती. दुसरी लावली. बाई चिनीत बोलत होती. वरच्या मजल्यावरून पाण्याचा आवाज यावा तसे ते दोन्ही आवाज मला सारखेच. ड्रायव्हर म्हणाला, “यल्ला यल्ला, मीटर पळतंय.” मी पहिली घेतली आणि बोलायला लागलो. आई बरी आहे का, शेळी व्याली का, पोरीला सांगा बाबा बाहुली आणतायत, मी मजेत आहे, काळजी करू नका. तीन मिनिटं. मग त्याने कॅसेट खिशात घातली आणि तो गेला.

ही ती चूक.

गुरुवारी मिस्त्री आला. यादी दिली नाही, आधी खुर्ची ओढली. आंघोळ करून, केस चापून आला होता. मी खणातली उरलेली कॅसेट दिली. त्याने लावली, चार-पाच शब्द ऐकले आणि बटण दाबलं.

“ही गेल्या आठवड्याची.”

मी त्याच्याकडे बघितलं. 

“नवी कुठाय, सदीक?”

नवी कॅसेट त्या घटकेला माझ्या गावच्या वाटेवर होती. हे सांगायला किती शब्द लागले असते? ‘चुकून माझ्याकडून गेली. ती बोलली होती. सही करू नकोस, आधी तिला विचार.’ काचेपलीकडे मुदीर बसला होता. महिन्याभरापूर्वीच त्याने एका टायपिस्टला ऑफिसच्या फोनवरून खाजगी बोलला म्हणून कायमचं मायदेशी धाडलं होतं. माझ्या कॉन्ट्रॅक्टचा कागद मिस्त्रीच्या कागदाखालीच होता. मी हे सगळं पाहिलं. घाबरून तोंडातून काहीतरी निघालं असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मी विचार केला होता.

“नो मेसेज,” मी म्हणालो. “धिस वीक, नो मेसेज.”

“मंगळवारी फोन नाही?”

“नाही.”

त्याने टू-इन-वनमधली जुनी कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, “ओके. मग थांब म्हणते. खलास.” आणि हात पुढे केला, कागदासाठी.

तो कागद मी टाइप केला होता. नाव, पगार, दोन वर्षं. त्याने वाचला नाही. “कुठे?” त्याने विचारलं. सहीच्या जागेवर मी बोट ठेवलं. माझ्या बोटाच्या शेजारी त्याने तीन चिनी अक्षरं काढली, सावकाश, शाळेत काढतात तशी. मग माझा कागद बघून म्हणाला, “तू पण आज? गुड. टू इयर टुगेदर.” आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या मंगळवारी तिचा फोन आला. गुरुवारी मिस्त्रीने निरोप ऐकला, पुन्हा लावला, पुन्हा ऐकला.

“ती विचारते, कधी येतोस. म्हणते, गेल्या मंगळवारी सगळं सांगितलं. खूप वेळ बोलले म्हणते.” तो माझ्याकडे वळला. “कुठे बोलली?”

हा दुसरा दरवाजा होता. तोही मीच लावला. “मशिन कधी कधी उतरवत नाही,” मी म्हणालो. “जुनं झालंय.”

आता, इंजिनाच्या माणसाला मशिन बिघडलंय असं सांगायचं नसतं. त्याने खिशातून बारीक पेचकस काढला. मुदीरला विचारून मशिन उघडलं. हेड स्पिरिटने पुसला, रबराचे पट्टे ओढून पाहिले, एक-एक चक्री बोटाने फिरवली. मग समोरच्या टायरच्या दुकानात जाऊन तिथून फोन केला, चार वेळा, आणि प्रत्येक वेळी परत येऊन ऐकलं. मशिनमधून चारही वेळा त्याचाच आवाज आला, आकडे मोजणारा. ई, अर, सान, स, वू.

“मशिन चांगलं आहे,” तो म्हणाला.

मी यादीचा कागद सरळ करत बसलो.

मला वाटलं, आता कळलं ह्याला. पण त्याने पेचकस पुसला आणि म्हणाला, “मशिन चांगलं. तू खोटं कशाला बोलशील? तुझं काय त्यात? म्हणजे ती बोललीच नाही. तूच सांगितलं होतंस ना, फोन करते आणि ठेवते. तशीच ठेवली असेल. मी ओळखावं म्हणून. आता म्हणते बोलले.”

माझ्या खोट्याला त्याने स्वतः पुरावा शोधून दिला होता, आणि त्यात त्याची बायको खोटी ठरली. मी तेव्हाही बोललो नाही. सही झाली होती, पासपोर्ट मुदीरच्या कपाटात होता, आता सांगून काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. हे ‘काय उपयोग’ फार सोयीचं असतं.

त्याने तिला कडक पत्र लिहिलं असावं. दोन मंगळवार फोन आले, नुसते बीपपर्यंतचे. मग तेही थांबले. दुपारी एक वाजला की मी घड्याळाकडे बघायचो. कधीतरी रिंग व्हायची आणि कुणीतरी इंजिन ऑइलचा भाव विचारायचं. पुढे मिस्त्रीने सांगितलं, ती मुलाला घेऊन आईकडे गेली, डोंगरातल्या गावात, तिथे टेलिफोनच नाही. गुरुवारी तो यायचा तेव्हा सवयीने खुर्ची ओढायचा, दोन मिनिटं बसायचा आणि उठायचा. त्याला चहा मी स्वतः आणून द्यायला लागलो. दोन चमचे साखर जास्त. असली भरपाई.

पाच महिन्यांनी मी सुट्टीवर गावी गेलो. बायको पाणी द्यायला आली ती नजर न उचलता. आईही तुटक. रात्री काही कळलं नाही. सकाळी चुलीपाशी मी विचारलं, काय झालं. ती उठली, ट्रंकेतून लुगड्याच्या घडीतली कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि म्हणाली, “ऐका.”

माझा आवाज आला. शेळी, बाहुली, काळजी करू नका. मग खट्ट झालं, आणि बाईचा आवाज सुरू झाला.

“आळी जमली हुती सगळी,” बायको म्हणाली. “म्हातारी म्हनली, आगं तुजी सवत बोलतीया व्हय गं? हसली समदी. मीबी हसले. काय करू?”

“ऑफिसातली जुनी कॅसेट आहे ती. कुणाचा तरी निरोप. मी त्यावर भरलं.”

“कुनाचा?”

“एका मिस्त्रीच्या बायकोचा.”

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग त्याला मिळाला का न्हाई? का त्यो मलाच धाडलासा?”

मी म्हटलं, मिळाला. तिने माझ्याकडे बघितलं. ह्याच्यापुढे तिने कधीच विचारलं नाही. पण मी निघालो त्या दिवशी बॅग उघडली तर कपड्यांच्या वर तीच कॅसेट होती, प्लास्टिकच्या पिशवीत, दोऱ्याने बांधलेली. तिला मी म्हटलं ते खरं वाटलं नव्हतं.

परतल्यावर पहिल्या शुक्रवारी मी अल रुवैसला गेलो. ड्रायव्हरला सांगितलं नाही, दुसऱ्या गाडीने गेलो. मिस्त्री वर्कशॉपमागच्या खोलीत एका पंपाचं वायसर कापत बसला होता. मी कॅसेट त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. जसं घडलं तसं. बुधवार, टॅक्सी, गुरुवार, मुदीर. माझं हिंदी-इंग्रजी मध्येच संपायचं, मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. त्याने कात्री खाली ठेवली नाही. वायसर पूर्ण कापून झालं तेव्हा तो उठला आणि टेप घेऊन आला.

माझा आवाज सुरू झाला. मी पुढे ढकलायला हात पुढे केला.

“नाही,” तो म्हणाला. “सगळं.”

आणि माझी तीन मिनिटं मराठी त्याने मान खाली घालून ऐकली. एक अक्षर कळत नव्हतं त्याला. तरी माझा आवाज जिथे हळू झाला तिथे तो थोडा पुढे वाकला, जिथे मी हसलो तिथे त्याने वर पाहिलं. मला उठून बाहेर पळावंसं वाटलं.

मग खट्ट. तिचा आवाज. एक मिनिट, जेमतेम. त्याने डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर बराच वेळ टेप नुसती फिरत राहिली.

“काय म्हणते?” मी विचारलं. विचारायचा मला काही हक्क नव्हता.

“म्हणते, म्हणून सांगते, सही करू नको. ये. भात कमी पडला तर कमी खाऊ.” तो थांबला. “आणि म्हणते, कॅसेट सांभाळून ठेवणारा तो हिंदी माणूस, त्याला माझा नमस्कार सांग. चांगला माणूस आहे.”

मी हात पुढे करून टेप बंद केली.

“हे ‘म्हणून’ आहे,” तो म्हणाला. “म्हणून सांगते. म्हणजे आधी कारण सांगितलं. ते कुठाय?”

“पुसलं गेलं.”

“ती बोलत होती तेव्हा तू ऑफिसात होतास?”

“होतो.”

“कशी बोलली? रागात? हळू? कुठे थांबली?”

तीन मिनिटं मी तिच्यापासून दोन हातांवर बसून ऐकली होती. जगात ती ऐकलेला मीच एकटा. मी खूप आठवून पाहिलं. पापलेटचा काटा आठवला, डब्याचं झाकण आठवलं.

“मी जेवत होतो,” मी म्हणालो.

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आपण लिहितो. मला तेव्हा तसंही वाटलं नाही. तो नुसता बाहेर जाऊन बोटींकडे तोंड करून उभा राहिला. परत आला तो एक वही घेऊन.

“मी तिला खोटी म्हटलंय,” तो म्हणाला. “सहा पत्रांत. आता मी लिहिलं, तू खरी होतीस, तर म्हणेल, समजूत काढायला बनवतोय. तू सांग तिला.”

“मी?”

“तू. आमच्या भाषेत. ऑर्डर सांगतोस तसं.”

त्याने तीन वाक्यं सांगितली, मी देवनागरीत लिहिली. “नी त ल्यौ-यान लाय ल. श वो नोंग त्यौ त. था मे-यौ थिंग-ताव.” तुझा निरोप आला होता. मी हरवला. त्याने तो ऐकला नाही. मग अजून एक वाक्य त्याने घातलं, आणि ते काय आहे विचारल्यावर म्हणाला, “मी घाबरलो म्हणून खोटं बोललो.”

मी वाचलं. “नाही,” तो म्हणाला. पुन्हा वाचलं. “नाही. हे वर जातं, ते खाली येतं.” इंजिनात टॅपेट बसवावा तसा एकेक आवाज त्याने माझ्या तोंडात बसवला. वीस-पंचवीसदा तरी झालं असेल. जुमाची नमाज होऊन माणसं परत आली, जेवली, झोपली, तरी आम्ही चालूच. शेवटी एकदाचं भरलं. नव्या कॅसेटीवर. ती पुसलेली त्याने ठेवून घेतली.

खरं सांगायचं तर ते बोलताना मला काहीच वाटलं नाही. पंपाचे नंबर वाचावेत तसं वाचलं. आयुष्यात ह्या गोष्टीबद्दल पूर्ण खरं बोललो ते ह्याच चार वाक्यांत, आणि त्यातला एक शब्दही माझ्या ओळखीचा नव्हता. जीभ आवाज काढत होती, मी बाजूला बसून होतो. तो माणूस माझ्याकडून शिक्षा म्हणून हे करून घेत नव्हता, त्याला खरोखर गरज होती. पण मी सुटलो असं मला वाटू नये म्हणून आज हे माझ्या भाषेत लिहितोय.

मुदीरला त्याने सांगितलं नाही. सही केलेली दोन वर्षं त्याने पूर्ण भरली. गुरुवारी यायचा, यादी द्यायचा आणि उभ्यानेच जायचा. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. ऑर्डरचे निरोप मी ठेवायचो, तो चुका काढायचा. बायकोबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मंगळवारी फोन कधी आला नाही.

दोन वर्षं संपली तेव्हा हिशेब-कागद घ्यायला तो शेवटचा ऑफिसात आला. पासपोर्ट, तिकीट मी पाकिटात घालून ठेवलं होतं. त्याने मोजून घेतलं. तेव्हा मात्र राहवलं नाही, मी विचारलं.

“कॅसेट मिळाली तिला?”

“मिळाली. डोंगरात उशिरा जातं पोस्ट. मिळाली.”

“परत आली घरी?”

त्याने होकारार्थी मान हलवली. “मुलाच्या शाळेसाठी,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तिने लिहिलं, तुझं चिनी फार वाईट आहे.”

मला थोडं हलकं वाटलं, लबाड माणसाला वाटतं तसं. मी विचारलं, “हसली का?”

“नाही,” तो म्हणाला.

पाकीट खिशात घालून त्याने खुर्ची पुन्हा टेबलाखाली सरकवली आणि जिना उतरून गेला. खाली पिकअप उभी होती. मी खिडकीशी गेलो नाही.